औट फुटण्याआधी शटर उघडावे : रात्रीच्या आतषबाजीचे छायाचित्रण

दसऱ्याच्या रात्री सांगली जिल्ह्यातल्या कवठेएकंदला श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यासमोर गावातली मंडळे शोभेच्या दारूचे काम उडवतात. ते पाहायला सांगली, मिरज, तासगावच नव्हे, तर लांबलांबून माणसे येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात हल्ली कॅमेरा नाहीतर मोबाइल असतो आणि बहुतेकांच्या पदरी दुसऱ्या दिवशी तेच पडते : मधोमध पांढरा गोळा, भोवती हललेल्या रेघा आणि त्यावर राखाडी धुराचे पांघरूण. मीही पहिल्या वर्षी १४० फोटो घेऊन पहाटे घरी आलो होतो आणि त्यातला एकही भिंतीवर लावण्याजोगा नव्हता. अंधारात फोटो काढताना आपल्याला एक सवय लागलेली असते : उजेड कमी, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवायचा आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र, पूर्ण उघडायचे. ही सवय आतषबाजीच्या वेळी घात करते, कारण रात्र कितीही काळोखी असली तरी ज्याचा फोटो काढायचा ती वस्तू स्वतः जळत असते.

सगळी मांडणी एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आधी सांगतो. ठिणगी ही चालती वस्तू आहे. सेन्सरवर एखाद्या ठिकाणी तिचा उजेड पडतो न पडतो तोच ती पुढे सरकते; त्यामुळे शटर दोन सेकंद उघडे ठेवले काय आणि आठ सेकंद ठेवले काय, तिने ओढलेल्या रेघेचा उजळपणा तेवढाच राहतो. तो ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांवरून. याउलट देवळाच्या शिखरावरची माळ, रस्त्यावरचा दिवा, घरांच्या भिंती आणि हवेत साचलेला धूर या जागच्या जागी असलेल्या गोष्टी शटर जितका वेळ उघडे राहील तितक्या उजळत जातात. म्हणजे आग आवरायची ती अ‍ॅपर्चरने आणि भोवतालचा उजेड आवरायचा तो वेळेने. हे एकदा ध्यानात बसले की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते जागेवर आपोआप सुचतात.

सुरुवातीला आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवावे आणि पहिल्या दोन-तीन फ्रेम पाहून त्यात फेरफार करावा. पडद्यावर फोटो छान दिसतो आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण अंधारात कॅमेऱ्याचा पडदा नेहमीच प्रत्यक्षाहून उजळ भासतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उघडून उजवीकडची कड पाहावी. लाल किंवा निळी रेघ मधोमध पांढरी पडली असेल तर अ‍ॅपर्चर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतके, मिटून एफ/१६ वर न्यावे. एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, कारण इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळ्याच रेघा किंचित बोथट होतात.

हा फेरफार किती करायचा हे दारूत काय घातले आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. कारखान्यातल्या रंगीत फटाक्यांत लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे येतो, हिरवा बेरियममुळे, पिवळा सोडियममुळे आणि निळा तांब्यामुळे. यांतला निळा साधायला सर्वांत अवघड आणि दिसायला सर्वांत मंद असतो, तर अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा पांढरा झगमगाट डोळे दिपवणारा असतो. त्यामुळे पांढऱ्यासाठी एफ/१६ आणि निळ्यासाठी एफ/८ असा दोन स्टॉपचा फरक सहज पडतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या जुन्या पद्धतीच्या दारूचा उजेड त्याहून वेगळा, तांबूस सोनेरी असतो. लोखंडाचा किंवा बिडाचा कीस घातला की त्या ठिणग्या फुलासारख्या फाटत जातात. हा सोनेरी रंग डोळ्याला भरघोस वाटला तरी कॅमेऱ्याला तो फारसा प्रखर नसतो, म्हणून तिथे एफ/८ किंवा प्रसंगी एफ/५.६ सुद्धा चालते. एकाच रात्री दोन्ही प्रकार समोर येत असल्यामुळे अ‍ॅपर्चरच्या चाकावर बोट ठेवूनच उभे राहावे लागते.

आता वेळ. यासाठी कॅमेऱ्यातला बल्ब मोड सर्वांत सोयीचा, कारण त्यात बटण दाबून धरले आहे तोवर शटर उघडे राहते. मात्र बटण बोटाने दाबू नये. साध्या तारेचे केबल रिलीज किंवा रिमोट वापरावा, नाहीतर प्रत्येक रेघेच्या मुळाशी बोटाच्या धक्क्याची नागमोड उमटते. औट, म्हणजे वर जाऊन फुटणारा दारूचा गोळा, सुटल्याचे दिसताक्षणी शटर उघडावे, तो वर चढेल, फुटेल, ठिणग्या खाली झुकू लागतील आणि विझण्याच्या बेतात येतील तेव्हा बंद करावे. बहुतेक वेळा याला तीन ते सहा सेकंद लागतात. फुटल्यावर शटर उघडले तर फुलाच्या पाकळ्या मिळतात, पण देठ मिळत नाही. आणि देठाशिवायचे फूल आकाशात कुठेही चिकटवल्यासारखे दिसते.

औट सुटण्याचा दणका हा चांगला इशारा असतो, पण जवळ उभे असाल तरच. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून पाव-अर्धा किलोमीटरवरून दणका ऐकून शटर उघडणाऱ्याची वर चढणारी रेघ निम्मी हुकलेली असते. लांबून काम करताना कानावर नव्हे, डोळ्यावर भिस्त ठेवावी. हाच हिशेब उलटा वापरून अंतरही काढता येते : फुटल्याचा उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद मोजले गेले तर आपण साधारण एक किलोमीटर दूर आहोत.

एकाच फ्रेममध्ये दोन-तीन औट हवे असतील तर काळ्या पुठ्ठ्याची युक्ती उपयोगी पडते. वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा काळ्या, न चकाकणाऱ्या कागदाने मढवून घ्यावा. शटर उघडेच ठेवून दोन औटांच्या मधल्या काळात तो लेन्ससमोर, लेन्सला न टेकवता धरावा आणि पुढचा औट सुटला की बाजूला करावा. त्यामुळे मधल्या वेळचा धूर आणि रस्त्यावरचा उजेड आत येत नाही. दोन-तीनच्या पुढे जाऊ नये. पाच औट एकमेकांवर चढले की त्यांचा नुसता गुंता होतो, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे पांढरे डाग पडतात.

माझे १४० फोटो वाया गेले ते फोकसमुळे, त्यामुळे या बाबतीत मी थोडा जास्त सांगणार आहे. अंधारात ऑटोफोकसला धरायला काही सापडत नाही, तो पुढेमागे हेलकावत राहतो आणि नेमका औट फुटतो तेव्हा कुठल्या तरी मधल्याच अंतरावर थांबलेला असतो. म्हणून मी तो बंद केला आणि लेन्सवरच्या आडव्या आठाच्या खुणेपर्यंत, म्हणजे अनंतापर्यंत, फोकसचे कडे फिरवून मोकळा झालो. तिथेच चुकलो. आजच्या बहुतेक लेन्सचे कडे त्या खुणेच्याही थोडे पलीकडे फिरते, आणि शेवटच्या टोकाला नेले तर दूरचेही काही नेमके दिसत नाही. योग्य रीत अशी : आतषबाजी सुरू होण्याआधी लाइव्ह व्ह्यू उघडावा, लांबचा एखादा दिवा, टॉवरवरचा लाल बल्ब किंवा उगवलेला चंद्र पडद्यावर दहापट मोठा करून पाहावा आणि तो ठिपका सर्वांत बारीक दिसेल तिथे कडे थांबवावे. मग ते हलू नये म्हणून कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा कड्यावर लावून टाकावा. झूम केल्यास काही लेन्समध्ये फोकस सरकतो, म्हणून झूमची जागा आधी ठरवावी आणि त्यानंतरच फोकस करावा.

ट्रायपॉडवर कॅमेरा असताना लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली कंपनरोधक व्यवस्था बंद करावी. नसलेली थरथर शोधण्याच्या नादात ती स्वतःच फ्रेम हलवू शकते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद करावे, कारण ते चालू असेल तर पाच सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ दुसरी, काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात पुढचा औट होऊन जातो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यावेत. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवावा, म्हणजे सोनेरी दारू सोनेरीच राहते. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा रंग निराळा येतो. फ्लॅशचा इथे उपयोग शून्य, उलट समोरचा धूर पांढराफटक होतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात.

यंत्र जुळवून झाले की उरतो तो वारा, आणि माझ्या मते निम्मे यश त्याच्यावर असते. दारूचा धूर जड असतो; हवा पडलेली असेल तर तो जागीच लोंबकळतो आणि पुढच्या प्रत्येक औटाचा उजेड पिऊन स्वतः भगवा होतो. वारा आपल्या पाठीकडून किंवा एका बाजूकडून यावा अशी जागा धरावी. समोरून येत असेल तर धूर थेट लेन्सवर येतो, शिवाय जळके कागद आणि निखारेही. दिशा ओळखायला देवळावरची पताका पाहावी, नाहीतर चिमूटभर माती हातातून सोडावी. सुरुवातीच्या आतषबाजीत आकाश स्वच्छ असते, म्हणून चांगले फोटो पहिल्या अर्ध्या तासात मिळतात असे समजून तयार राहावे. कवठेएकंदला मात्र कार्यक्रम रात्रभर चालत असल्यामुळे मध्ये उसंत मिळते. गर्दी पांगते, धूर विरतो आणि उत्तररात्रीचे काही तास पुन्हा कामाचे ठरतात.

गावात उजेडीच पोहोचावे. पालखीचा मार्ग, दारूकाम कुठे उभे केले आहे, विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत आणि कोणत्या गच्चीवरून शिखर दिसते, हे सगळे दिवसा पाहून ठेवावे लागते. गच्चीवर जायचे तर घरातल्या माणसांना रीतसर विचारावे. सणाचा दिवस असतो, बहुधा नाही म्हणत नाहीत, उलट चहा होतो. फ्रेम उभी धरावी, कारण औट वर जातो, बाजूला नाही. समजा दारू शंभर मीटर उंच जाऊन फुटते आणि आपणही तितक्याच अंतरावर उभे आहोत, तर आपल्याला पंचेचाळीस अंश वर पाहावे लागते. अशा वेळी फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी किंवा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ ते १८ मिमी लेन्स लागते. पाच-सहाशे मीटरवरून तेच दृश्य ७० ते ८५ मिमीमध्ये सुटसुटीत बसते. फ्रेमच्या खालच्या पाचव्या भागात जमीन, शिखर किंवा माणसांची डोकी यावीत आणि वर भरपूर आकाश सोडावे. निव्वळ काळ्या आकाशातले फूल कवठेएकंदचे आहे की आणखी कुठले, हे फोटो पाहणाऱ्याला कसे कळणार?

आकाशातल्या औटांइतकेच, किंबहुना जास्त, पाहण्याजोगे असते ते जमिनीवरचे काम : उंच खांबावर बांधलेली झाडे, फिरणारी चक्रे आणि शिंगटे. शिंगटाला बत्ती लागते तेव्हा आधी फुसफुस असा आवाज येतो, तोंडाशी तांबडा ठिपका दिसतो, मग एकदम घोंघावत सोनेरी फवारा सुटतो आणि आजूबाजूच्या माणसांचे चेहरे, फेटे, घामाने ओले झालेले सदरे क्षणभर तांब्याच्या रंगाचे होतात. हे चेहरे हवे असतील तर बल्ब मोड सोडून द्यावा. पाच सेकंदांत माणसे हलतात आणि त्यांची भुते होतात. अशा वेळी आयएसओ ४०० पर्यंत न्यावा, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद ठेवावे. ठिणग्यांच्या लांब रेघा मिळतात आणि जो माणूस स्थिर उभा आहे तो ओळखू येतो. फवारा तुटक, दाण्यादाण्यांचा हवा असेल तर शटर १/१५ किंवा १/३० वर आणावे. झाडाचे गणित वेगळे असते. त्यावरची चक्रे एकामागून एक पेटत जातात, म्हणून पहिले चक्र पेटले की घाई न करता सगळे झाड उजळेपर्यंत थांबावे आणि मग दोन सेकंदांची फ्रेम घ्यावी. फिरत्या चक्राचे पूर्ण वर्तुळ त्यात बंद होते.

जवळून काम करण्याची एक किंमत असते. लोखंडाच्या किसाची ठिणगी गार होईपर्यंत वितळलेल्या थेंबासारखी असते आणि काचेवर पडली की चिकटून बसते. माझ्या एका फिल्टरवर असे तीन खड्डे आहेत, आणि ते लेन्सवर पडले असते तर मला नवी लेन्स परवडली नसती. म्हणून जुना, टाकाऊ यूव्ही फिल्टर लावावा. अंगात सुती कपडे असावेत, नायलॉन किंवा पॉलिएस्टर नको. डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा, डोक्यावर टोपी आणि कानात कापूस असावा. दोरीच्या किंवा बांबूच्या आत जाऊ नये, आणि ज्याच्या हातात पेटते काम आहे त्याला इकडे बघ म्हणून हाक तर कधीच मारू नये. दारूकामाच्या अपघातांत या गावाने माणसे गमावली आहेत, आणि आपण तिथे पाहुणे असतो.

सांगलीत नदीकाठी फोटो काढायचे असतील तर प्रतिबिंबाचा लाभ होतो. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाच्या कमानी मागे घेऊन घाटावरून फ्रेम लावली, तर दिवाळीत पलीकडे सुटलेले बाण कृष्णेच्या पाण्यात उतरलेले दिसतात. पाण्यातली रेघ आकाशातल्या रेघेपेक्षा नेहमीच मंद असते, म्हणून अ‍ॅपर्चर अर्धा-एक स्टॉप जास्त उघडावे. पुलावर ट्रायपॉड उभा करू नये. वाहन गेले की पूल थरथरतो आणि तो थरथराट पायाला जाणवला नाही तरी फोटोत उतरतो.

साताऱ्यातली दिवाळी हा आणखी निराळा प्रकार आहे, कारण तिथे एक कार्यक्रम नसतो, अख्खे शहर एकाच वेळी फटाके उडवत असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अजिंक्यताऱ्यावरून किंवा यवतेश्वरच्या घाटातून खाली पाहिले की दिव्यांच्या सतरंजीवर जागोजागी लहान लहान फुले उमलताना दिसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हे सर्वांना ठाऊक आहे, तरी खरा भर त्याच सुमाराला असतो. इथे आधी फटाक्यांचा विचार न करता नुसत्या शहराची फ्रेम घ्यावी : आयएसओ १००, एफ/८ आणि पंधरा सेकंद. रस्त्यांवरचे दिवे फोटोत पांढरेफटक पडत नाहीत ना हे पाहावे, मग वेळ वीस-तीस सेकंदांपर्यंत वाढवत न्यावी, म्हणजे एका फ्रेममध्ये पुरेसे फटाके जमा होतात. उंचावर त्या दिवसांत दव पडते आणि लेन्सच्या काचेवर बाष्प धरते; ते पटकन दिसत नाही, फोटो मात्र हळूहळू दुधाळ होत जातात. दर दहा मिनिटांनी टॉर्च मारून काच पाहावी. घाटात वळणावर ट्रायपॉड लावू नये आणि किल्ल्यावर एकट्याने जाऊ नये.

मोबाइलने हे सगळे जमते का, तर बरेचसे जमते. मोबाइलचे अ‍ॅपर्चर बहुधा कायमचे उघडे असते, त्यामुळे आग आवरायला आयएसओ एवढेच हत्यार उरते. प्रो मोडमध्ये तो ५० किंवा १०० वर आणावा, फोकस डोंगराच्या चिन्हावर ठेवावा आणि शटर एक ते दोन सेकंद ठेवून लहान स्टँडवर मोबाइल बसवावा. पडद्याला बोट लावण्याऐवजी तारेच्या इअरफोनवरचे आवाजाचे बटण दाबले तर बहुतेक मोबाइलमध्ये फोटो निघतो. नाइट मोड वापरू नये. तो अनेक छोटे फोटो एकमेकांवर रचतो आणि त्या जोडकामात ठिणग्यांच्या रेघा तुटतात. आयफोनवर लाइव्ह फोटो घेऊन नंतर त्याला लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो, तेही बरे निघते.

घरी आल्यावर रॉ फाइलमध्ये फार काही करायचे नसते. हायलाइट्स खाली ओढावेत, काळे थोडे अधिक काळे करावे म्हणजे धुराचा राखाडी पडदा पातळ होतो, आणि रंगांची तीव्रता वाढवण्याचा मोह आवरावा. दोन वेगवेगळ्या फ्रेम लाइटन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोहोंतला जास्त उजळ भाग ठेवून, एकत्र करता येतात. मी ते करतो, पण फोटो देताना तसे सांगतोही, कारण त्या रात्री गच्चीवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने ते दृश्य तसे पाहिलेले नसते. कॅमेरा पिशवीतून काढला की काच कापडाने पुसायला घेऊ नये. तिच्यावर राख आणि लोखंडाचे कण बसलेले असतात आणि कापड फिरवले की ते घासले जाऊन चरे पडतात. आधी रबरी ब्लोअरने फुंकून घ्यावे, मग मऊ ब्रश फिरवावा आणि कापड सर्वांत शेवटी हातात घ्यावे. ट्रायपॉडचे पाय ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवावेत, नाहीतर दाराशी आठवडाभर गंधकाचा वास राहतो.